चिमेच्या घाटातली रिकामी डोली

आसण्याच्या शिवारातून निघालेली दगडी वाट डोंगराला वळसे घेत वर माथेवाडीच्या वेशीत जाते. तिला चिमेचा घाट म्हणतात. पौषात दर वर्षी एका रविवारी इथे सायकलींची शर्यत होते. सायकली साध्या नसतात. त्यांची चाके भरल्या पोत्यासारखी जाड असतात आणि ती वाळू, चिखल, दगडगोटे कशावरूनही जातात, असे त्या चालवणारे सांगतात. पहिले वळण ओलांडले की बहुतेक जण त्या हाताने ढकलत नेतात, हे मी पाहिले आहे. स्पर्धकांच्या वर्गणीतून आसपासच्या डोंगरवाटा दुरुस्त होतात. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर आपण चांगले काम करत असल्याचा तजेला असतो, आणि तो फोटोत नीट यावा म्हणून ते पुन्हा पुन्हा जागा बदलून उभे राहतात.

शर्यत गमतीची आहे, असे आमंत्रणातच लिहिलेले असते. यंदा एक गृहस्थ वाघाचे कापडी सोंग घालून आले होते आणि शेपूट चाकात जाऊ नये म्हणून ती त्यांनी कमरेला गुंडाळली होती. एकाने कपाळाला मुंडावळ्या बांधल्या होत्या. दोघा मित्रांनी नऊवारी नेसून खाली बूट घातले होते आणि थंडीने त्यांच्या पोटऱ्यांवर काटा आला होता. सगळे हसत होते. हसण्यासारखे फारसे काही नव्हते, पण इतक्या लांबून आल्यावर हसणे भाग असते.

सांगितलेली वेळ टळून गेली तरी शर्यत सुरू झाली नाही. ती कधीच वेळेवर सुरू होत नाही, कारण आधी वरून डोली उतरावी लागते. लांब बांबूला घोंगडी बांधून केलेली, मागेपुढे एकेक माणूस लागणारी ती डोली खाली टेकल्याशिवाय कोणाचे चाक घाटाला लागायचे नाही, असा इथला नियम आहे. वाघ झालेल्या गृहस्थांनी घड्याळ पाहून विचारले, डोलीतून कोण येत आहे.

"कोणी नाही," केरूनाना म्हणाले.

"मग आम्ही थांबलोय कोणासाठी?"

"मागं एकदा कोणी थांबलं नव्हतं, म्हणून."

केरूनाना शेडगे माथेवाडीचे. मोटाररस्ता होईपर्यंत वरची आजारी माणसे आणि अडलेल्या बाया खाली आणणाऱ्यांत ते असत. त्यांच्या उजव्या खांद्यावर बांबूचा घट्टा आहे आणि तो खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला आहे. शर्यतीच्या दिवशी ते पायथ्याच्या दगडी ओट्यावर बसतात आणि थांबून कंटाळलेल्यांना घाटाची गोष्ट सांगतात. सांगताना आवाज चढवत नाहीत. मानाजी नाईकाचे नाव आले की मात्र तोंडात खडा आल्यासारखे ते बाजूला टाकतात.

हा मानाजी नाईक म्हणे फार पूर्वी या घाटाचा धनी होता. कोणत्या राजाने त्याला घाट दिला, हे नानांना ठाऊक नाही. "कोणीतरी दिला असंल. असल्यांना देणारे कायम भेटतात." वरून धान्य खाली जाई, खालून मीठ वर येई, सगळे बैलांच्या आणि रेड्यांच्या पाठीवर. पावसाळ्यात वाट जागोजागी वाहून जायची. ती पुन्हा बांधायची म्हणून नाईक घरटी वाटपट्टी घेई. पट्टी जमायची, वाट मात्र गावच्याच लोकांनी पिके निघाल्यावर उपाशीपोटी बांधायची. पट्टीचे काय व्हायचे ते नाईकाच्या बैलांकडे पाहिले की कळायचे.

ते बैल म्हणे असे होते की त्यांचे पाय देवळाच्या खांबांसारखे वाटत. सरकी, पेंड आणि गूळ खाऊन त्यांची कातडी तेल लावल्यासारखी चमके. त्यांनी आयुष्यात एक गोणी वाहिली नव्हती. नाईकाच्या सोयऱ्यांकडेही तसेच बैल होते आणि त्या बैलांना शोभतील असे मालक. पौषात शेतीची कामे उरकली, वाट बांधून झाली आणि कोरडी पडली, की ही मंडळी बैलांवर बसून आसण्यातून माथेवाडीपर्यंत शर्यत लावत. लोकांनी महिनाभर खपून बसवलेले दगड त्या खुरांनी एका सकाळी उखडले जात. वर पोचल्यावर नाईक लोकांना सांगायचा की वाट अजून कच्चीच आहे, पुढल्या साली पट्टी वाढवावी लागेल.

शर्यतीला मजा यावी म्हणून नाईकाने वेशीवरच्या वाघजाईसमोर बेलभंडारा उचलून, म्हणजे देवीची शपथ घेऊन, काही नियम केले होते. ढोल वाजल्यापासून शेवटचे जनावर वेशीत येईपर्यंत घाटात दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचे नाही. कोणी कोणाच्या जनावराला हात लावायचा नाही. पहिल्या आलेल्याने वेशीतल्या पाटावर बसायचे आणि शेवटचे जनावर येईपर्यंत उठायचे नाही. ते आले की पहिल्याला फेटा, शेवटच्याला कपाळभर राख, आणि मग सगळ्यांना जेवण. राख लावलेल्या माणसाची गावातून वरात निघे. नाईक स्वतः कायम पहिला यायचा, कारण त्याच्या पुढे बैल काढण्याइतका मूर्ख सोयरा कोणी नव्हता. त्याला फेट्याची हौस नव्हती, फेटे त्याच्याकडे पेटीभर होते. पाटावर बसून शेवटच्याची फजिती बघायची, एवढ्यासाठी हा सगळा थाट होता.

"सगळ्या गावाच्या जिवावर उभारलेला थाट," नाना म्हणाले, "आणि त्यातून काय काढायचं, तर एका माणसाचं तोंड काळं."

माथेवाडीत तेव्हा भिवरा नावाची विधवा राहायची. नवऱ्यामागे तिने त्याचाच धंदा चालवला होता. आसण्यातून मीठ घ्यायचे, रेड्यावर लादायचे आणि वर आणून विकायचे. रेड्याचे नाव ढग्या. तो फार सावकाश चालायचा आणि पाण्याची जागा दिसली की त्यात बसायचा. भिवराला एकच लेक होती, चिमा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

शर्यतीच्या पहाटे चिमेचे पोट दुखू लागले आणि मूल आडवे असल्याचे बायकांच्या लक्षात आले. असली बाळंतपणे सोडवणारी सुईण आसण्यात होती. भिवराने डोली बांधली, दोन शेजारी खांद्याला लागले आणि ते वेशीत आले, तेवढ्यात खाली ढोल वाजला. वेशीवर नाईकाची माणसे भाले आडवे धरून उभी होती. भिवराने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी सांगितले, नाईक येतील त्यांना विचार.

नाईक आला. त्याचा बैल फुरफुरत होता आणि तो स्वतःही. पाटावर बसून त्याने घाम पुसला, डोलीकडे पाहिले आणि काय प्रकार आहे ते ऐकून घेतले. मग तो म्हणाला, आणि हे शब्द माथेवाडीत अजून जसेच्या तसे सांगतात: "अगं, बाया काय रोजच बाळंत होतात. शर्यत वर्षातून एकदा."

सोयरे हसले. हसायलाच नेमल्यासारखे ते कायम हसत.

त्या वर्षी शेवटचा बैल एका थकलेल्या पाहुण्याचा होता आणि तो वाटेत दोनदा बसला. तो वेशीत शिरला तेव्हा डोली खाली नेण्याची गरज उरली नव्हती. घोंगडीतला आवाज बऱ्याच वेळापूर्वी थांबला होता. लोकांनी डोली उचलून मागे फिरवली. त्यांच्या पाठीमागे पाहुण्याला राख लावली गेली आणि हशा पिकला. तो हशा भिवराने घरापर्यंत ऐकला, असे सांगतात.

चिमेला माथ्यावरच जाळले. राख आसण्याच्या संगमावर सोडायची इथली रीत आहे. भिवराने ती सोडली नाही. फडक्यात बांधून कमरेला खोचली आणि वाघजाईपुढे उभी राहून बोलली: "माझी लेक ज्या वाटेनं जाणार होती त्याच वाटेनं जाईल. वाट नीट होऊ दे. तोवर ती माझ्यापाशी."

वर्ष गेले. भिवरा मीठ आणत राहिली. कोणाशी भांडली नाही, नाईकाच्या वाड्यापुढून जाताना तिने मान खाली घातली नाही की वर केली नाही. पुढच्या पौषात शर्यतीची दवंडी फिरली, तेव्हा ती ढग्याला घेऊन पायथ्याशी आली आणि सोयऱ्यांच्या बैलांच्या रांगेत उभी राहिली.

नाईकाला हे इतके आवडले की त्याने तिला स्वतः जागा करून दिली. रेडा आणि वर मीठवाली. यंदा राख कोणाला लागणार याची काळजीच मिटली. कोणी ढग्याच्या शिंगांना झेंडूची माळ घातली. कोणी विचारले, भिवरे, रेडा पुढं धरायचा का मागं? ती म्हणाली, "तुमी व्हा पुढं. त्येला घाई न्हाई."

ढोल वाजला. बैल धुरळा उडवत वर गेले आणि नेहमीप्रमाणे दगड उखडत गेले. भिवरा पहिल्या वळणावर आली, तिथे तीन पायऱ्या निखळून उतारावर पडल्या होत्या. ती खाली उतरली, दगड ढग्याच्या पाठीवर चढवून वर आणले आणि होते तिथे बसवले. फटीत चिपा ठोकल्या. वर उभे राहून पाय आपटून पाहिला. मग पुढच्या खिंडाराकडे निघाली.

दुपार झाली. वेशीत नाईक पाटावर बसला होता. आत पंगतीची पाने मांडली होती, बोकड शिजले होते. नाईकाने एका सोयऱ्याला कड्यावर पाठवले. त्याने वाकून पाहिले आणि परत येऊन सांगितले की रेडा दुसऱ्याच वळणावर आहे आणि बाई गवंडीकाम करते आहे.

नाईक हसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा माणूस पाठवला. मग हसणे थांबले. तिला ओढून आणा, असे तो म्हणाला, तेव्हा देवीच्या गुरवाने हळूच आठवण करून दिली: घाटात दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचे नाही. मग रेडा तरी हाकला. जनावराला हात लावायचा नाही. निदान मला उठू द्या. गुरवाने पाटाकडे बोट दाखवले. बेलभंडारा नाईकाने त्याच्याच हातून उचलला होता.

कड्यावरून सोयरे ओरडू लागले. "ए भिवरे, रेडा मेला का गं?"

"चालतोय," ती खालून म्हणाली. "तुमच्या बैलांनी काय काय पाडलंय ते मोजत चालतोय."

"अगं, पंगत खोळंबलीय!"

"जेवणं काय रोजच होतात," भिवरा म्हणाली, आणि पुढचा दगड उचलला.

ती किती दिवस चढत होती, याबद्दल एकमत नाही. नाना म्हणतात, बोकडाचे मटण नासायला जितके दिवस लागतात त्याहून जास्त. माथेवाडीच्या बायका घाटात उतरल्या नाहीत, पण कड्यावरून दोराने भाकरी खाली सोडत राहिल्या, ढग्यासाठी कडबाही. वेशीत सोयरे पहिल्या दिवशी नाईकाभोवती बसले, दुसऱ्या दिवशी जरा लांब बसले. मग एकेकाला घरची कामे आठवली. कोणाची म्हैस व्यायची होती, कोणाचा सासरा आजारी होता. ज्यांनी नाईकासाठी जीव देण्याच्या शपथा घेतल्या होत्या त्यांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि मागच्या दाराने बैल काढले. पाटावर नाईक एकटा उरला, आणि वरातीसाठी वेशीत ठेवलेला ढोलवाला, कारण त्याला पगार मिळायचा होता. थंडी अशी होती की नाईकाच्या मिशांवर दव गोठायचे. उठण्याची हिंमत त्याच्यात नव्हती. इतर कोणाला तो भीत नव्हता, देवीला मात्र भ्यायचा. "तेवढं तरी होतं त्याच्यात," नाना म्हणाले, आणि तेवढ्याबद्दलही त्यांना फारसा आदर असावा असे वाटले नाही.

शेवटी एका सकाळी ढग्या वेशीत आला. त्याच्या शिंगात झेंडूची वाळलेली माळ अजून होती. पाठीवर एकच दगड होता. तो भिवराने उतरवून वेशीच्या उंबऱ्याशी बसवला, कारण तिथलाही निखळला होता.

ढोलवाल्याने राखेचे ताट पुढे केले. नाईकाचा आवाज बसला होता, तरी तो म्हणाला, "शेवटची आलीस. कपाळ पुढं कर."

"शेवटची मी न्हाई," भिवरा म्हणाली. "माझी लेक राह्यलीय. गेल्या सालापास्नं ती वेशीतच हाय."

तिने कमरेचे फडके सोडले, चिमूटभर राख घेतली आणि नाईकाच्या कपाळाला लावली. "ही तिच्या वाटणीची. पहिला आलास न्हवं, तू घे. आता ऊठ, आणि तिला खाली पोचव."

चिमेला जाळून आल्यावर भिवराने ती डोली वेशीतच आणून ठेवली होती. वर्षभर कोणी तिला हात लावला नव्हता. भिवराने राखेचे फडके घोंगडीत ठेवले. मागचा बांबू ढोलवाल्याने घेतला, पुढचा नाईकाने. आणि इथे नाना थांबले, कारण पुढचे त्यांनाही त्यांच्या आज्याने थांबूनच सांगितले होते. मूठभर राखेची ती डोली उचलताना नाईकाचे गुडघे वाकले. भरल्या दिवसांच्या बाईचे, दोन जिवांचे, पुरे वजन तिच्यात होते. ढोलवाल्याला म्हणे काहीच लागत नव्हते. सगळा भार पुढच्या खांद्यावर होता.

तो तसाच घाट उतरला. एकही दगड पायाखाली हलला नाही. वळणावळणावर बाया कड्याच्या काठाने उभ्या होत्या आणि कोणीही हसले नाही. संगमावर डोली टेकली तेव्हा ती हलकी झाली. नाईकाने कपाळ नदीत धुतले, पुन्हा धुतले, वाळूने घासले. राख गेली नाही. ती कपाळावर घेऊनच पुढे तो जगला, आणि दर साली पिके निघाली की लोकांच्या बरोबर घाटात दगड वाहायला यायचा. त्याला कोणी बोलावत नव्हते, कोणी हाकलतही नव्हते.

मी नानांना एकच गोष्ट विचारली. भिवराने उरलेली राख त्याच दिवशी सोडली का?

"सोडली," ते म्हणाले. "वाट झाली होती. मग ठेवायला कारण उरत नाही." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लगेच नाही सोडली. नदीत उभी होती बराच वेळ, असं सांगतात."

तेव्हापासून शर्यतीची रीत उलटली. बैल गेले, मोटाररस्ता आला, घाटाची गरज संपली आणि वाट पुन्हा ढासळू लागली. तेव्हा गावच्याच काही पोरांनी सायकलींची कल्पना काढली. नानांनी अट घातली की नियम भिवराचे राहतील. फेटा शेवटच्याला मिळतो, कारण तो वाटेत थांबून दगड लावतो, निदान लावावा अशी अपेक्षा असते. राख पहिल्याला लागते, आणि पुढच्या पौषात डोलीचा पुढचा बांबू त्याच्याच खांद्यावर येतो. गेल्या वर्षी हे स्पर्धकांना वेशीजवळ पोचल्यावर कळले, आणि मग काय झाले ते नानांनी सांगितले. एवढा वेळ पुढे जाण्यासाठी धडपडणारे सगळे एकदम ब्रेक लावून उभे राहिले आणि एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणू लागले. इतकी सभ्यता त्या घाटाने त्याआधी पाहिली नव्हती. शेवटी मागच्याने धक्का दिला आणि पुण्याचा कोणी मोकाशी नावाचा मनुष्य, दंड फुगवलेला, तोंडाने नको नको म्हणत वेशीत जाऊन पडला.

गोष्ट संपता संपता वरच्या वळणावर डोली दिसली. मागे माथेवाडीचा एक पोरगेला गडी शीळ घालत येत होता. पुढे तोच मोकाशी होता. वाघाने त्याला ओळखून लांबूनच आरोळी दिली, "काय रे, रिकामी पालखी झेपेना का?" नऊवारीतले दोघे हसले. मोकाशीने वर पाहिले नाही. तो एकेक पाऊल चाचपून टाकत होता, पायाखालचा दगड हलतो का हे पाहून मगच वजन टाकत होता, आणि बांबू त्याच्या खांद्यात रुतला होता. तो जवळ आला तसे हसणे विरळ झाले. कोणीतरी न सांगता सायकल वाटेतून बाजूला घेतली, मग दुसऱ्याने, मग वाघानेही.

आजही डोली अशीच उतरते आणि तोवर सगळे थांबतात. आजही ती आसण्याच्या ओट्यापाशी टेकली की पुढचा माणूस खांदा चोळत नाही, पाणी मागत नाही, आधी आत कोणी आहे का ते पाहतो. मोकाशीनेही तेच केले. तो खाली बसला, दोन्ही हातांनी घोंगडीची कड हळूच बाजूला केली आणि आत पाहिले.